माहेरची वंशावळ



सांज झाली आहे. कोणी भाकरी थापत असेल, कोणी शेतातून येऊन आत्ताच टेकली असेल. हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज मी एका रोगाचा इतिहास सांगणार आहे. पण सुरुवात करते वंशावळीपासून.

वंशावळ हा शब्द आपल्याकडे आता लहान पोरांनाही माहीत झाला आहे. जात पडताळणी करायची असली की वंशावळ लागते. वारसाचा फेरफार करायचा असला की वंशावळ लागते. मग आपण जुने दाखले शोधतो, कोतवाल बुकाची नक्कल काढतो आणि खापरपणजोबापर्यंत जाऊन पोचतो. त्या कागदावर पणजोबा असतात, आजोबा असतात, वडील आणि चुलते असतात. आजी बहुतेक नसते. आईचं माहेर नसतं. मावशी तर नसतेच. लग्न झालं की आपलं आडनाव बदलतं, कुठे कुठे नावही बदलतं आणि माहेरची वंशावळ तिथेच तुटते.

पण एक जागा अशी आहे की जिथे हीच तुटलेली वंशावळ विचारतात. ती जागा म्हणजे कॅन्सरचा दवाखाना.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मावशीच्या छातीत गाठ आली. वय एकेचाळीस. आठ महिने तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण गाठ दुखत नव्हती. नंतर आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी बी.ए. झालेली, फॉर्म भरता येतो, म्हणून सोबत मी. जाताना गाडीत आईनं मला बजावलं होतं, "तिथं आजीचं काई सांगू नोको वो बाई. धाकटीचं लगन व्हायचं हाय. खानदानात रोग हाय म्हनतीन त कोन करन आपली पोरगी?"

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असा आजार होता का?"

माझी आजी छातीच्या 'गळवानं' गेली, तेव्हा आई चौदा वर्षांची होती. आजीची बहीण ओटीपोटात गाठ होऊन गेली. मला दोन्ही माहीत होतं. मी म्हणाले, "नाही." मॅडमनी तसंच लिहून घेतलं.

त्या एका 'नाही'ची किंमत काय असते, ते मला पुढे वाचताना कळलं. म्हणून हा इतिहास.

शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं ते

हा रोग काही घराण्यांत पुन्हा पुन्हा येतो, हे पहिल्यांदा कोणत्याही यंत्रानं सांगितलेलं नाही. ते घरच्यांनी पाहिलं आणि कोणीतरी लिहून ठेवलं. १८६६ साली पॅरिसमधले शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी आपल्या बायकोच्या घराण्यातली चार पिढ्यांची हकिकत छापली. त्यात स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या बायकांची नोंद होती. म्हणजे बघा, ही वंशावळ माहेरचीच.

पुढची गोष्ट १८९५ ची, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली. डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे एक बाई शिवणकाम करायची. एक दिवस ती उदास दिसली म्हणून त्यांनी विचारपूस केली. ती म्हणाली, मी लवकर मरणार, आमच्या घराण्यात माणसं आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात. बाई तेव्हा धडधाकट होती. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती गोळा करायला घेतली. पुढे ती बाई खरंच कमी वयात गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. १९१३ साली वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ छापली. १९६० च्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांनी तेच काम पुढे नेलं आणि अशा घराण्यांत चालणाऱ्या आतड्याच्या आजाराला आज लिंच यांचंच नाव आहे. १९९३ आणि १९९४ साली त्यामागची दोन मुख्य जनुकं सापडली. शिवणकाम करणारी बाई जे बोलली होती ते खरं, हे प्रयोगशाळेला कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

स्तनाच्या कॅन्सरचंही तसंच. मेरी-क्लेअर किंग या बाईंनी वर्षानुवर्षं अशी घराणी शोधली की जिथे बायकांना कमी वयात हा रोग झाला होता. तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की एका जनुकामुळे एवढा मोठा रोग होत नसतो. १९९० साली त्यांनी २३ घराण्यांतल्या १४६ रुग्णांच्या अभ्यासावरून ते जनुक शरीरात कुठे असतं ती जागा दाखवून दिली. १९९४ साली ते जनुक हाती आलं, त्याचं नाव बीआरसीए-१. १९९५ साली दुसरं मिळालं, बीआरसीए-२.

आता हे जनुक म्हणजे काय? आपलं शरीर कसं घडवायचं याची जी आतली लिखापढी आहे, त्यातलं एक एक कलम म्हणजे जनुक. प्रत्येक कलमाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बीआरसीए या कलमाचं काम दुरुस्तीचं. पेशीत काही मोडतोड झाली की ती नीट करायची. त्या कलमातच जन्मापासून चूक असली तर दुरुस्ती अपुरी पडते आणि स्तनाचा किंवा बीजांडाचा कॅन्सर होण्याचा धोका खूप वाढतो. माझ्या आजीच्या बहिणीची ओटीपोटातली गाठ इथे आठवा.

यात तीन गोष्टी गाठीला बांधा. पहिली, ही चूक आईकडून येते तशी बापाकडूनही येते. म्हणून आत्याचा आजारही मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा. दुसरी, ती प्रत्येक लेकराला येतेच असं नाही. नाणं उडवावं तशी निम्मी शक्यता. आणि चूक आली म्हणजे रोग झालाच, असंही नाही. तिसरी, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर बायका घेतल्या तर त्यातल्या साधारण पाच ते दहा जणींचाच रोग असा वारशानं आलेला असतो. बाकीच्यांचा नाही. त्यामुळे घरात कोणाला नव्हता म्हणून आपल्याला होणारच नाही, असंही समजू नका.

आपल्याकडे कोणी लिहून ठेवलं?

हे झालं परदेशाचं. आपल्या महाराष्ट्रात या रोगाची कहाणी एका बाईच्या मरणापासून मोठी होते. लेडी मेहरबाई टाटा. बालविवाह बंदीच्या कायद्यासाठी बोलणारी, बायकांच्या संघटना बांधणारी बाई. १९३१ साली त्या रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांचे यजमान सर दोराबजी टाटा पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. आज आपल्या गावात कोणाला 'मुंबईला टाटाला नेलं' म्हणतात, ते हेच.

दवाखाना झाला, पण रोग किती जणांना होतो हे कोणाला माहीत? १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं मुंबईत कॅन्सरची नोंदणी सुरू केली. ही देशातली अशी पहिली नोंदणी. पण ती शहराची. खेड्यातली बाई तर दवाखान्यात पोचायच्या आधीच जायची, तिची नोंद कुठून होणार?

ते काम सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं केलं. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. खेड्यांसाठीची ही देशातली पहिली नोंदणी. पद्धत कोणती? कार्यकर्ते गावोगाव जायचे, लोकांशी बोलायचे, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावरून रक्त जातं, हे विचारायचे आणि रोगाची लक्षणं समजावून सांगायचे. म्हणजे आपण गटाच्या बैठकीत जे करतो तेच, बसून विचारणं आणि वहीत लिहिणं.

आपल्या विदर्भाचंही सांगते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले ते कॅन्सरनंच. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. 'मागच्या जन्मीचं पाप', 'बाहेरचं झालं', 'कोणाची हाय लागली' असं ज्या घरात म्हणतात, त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की गावोगाव स्वच्छता आणि व्यसनमुक्ती सांगत फिरलेल्या आपल्या महाराजांनाही हा रोग झाला. रोगाला पाप-पुण्य कळत नाही. आणि तो शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानंही होत नाही.

सगळं कापण्यापासून नेमकं काढण्यापर्यंत

मावशीची मुख्य भीती रोगाची नव्हतीच, ऑपरेशनची होती. ती म्हणायची, "सगळं कापून टाकतीन." ही भीती उगाच आलेली नाही, तिलाही इतिहास आहे.

अमेरिकेत हॉलस्टेड नावाचे शल्यवैद्य होते. १८९४ साली त्यांनी आपल्या ५० रुग्णांच्या शस्त्रक्रियेची हकिकत छापली. पूर्ण स्तन, खालचा छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. त्या काळी गाठी फार वाढून यायच्या, दुसरा इलाज नव्हता. पण पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं लहान गाठ असली तरी हेच होत राहिलं. हात सुजायचा, खांदा वर उचलायचा नाही.

१९७० नंतर अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी हजारो बायकांवर नीट तुलना करून पाहिली. गाठ लहान असेल तर फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून नंतर शेक दिला, तरी बायका तितकीच वर्षं जगतात, हे त्यातून सिद्ध झालं. आज लवकर आलेल्या बाईचा स्तन पुष्कळदा वाचवता येतो. उशीर झाला की तो पर्याय हातातून जातो. मावशीचे आठ महिने तिथे गेले. तिचा पूर्ण स्तन काढावा लागला.

दुसरी वाट सापडली ती गोठ्यातून. बीटसन नावाच्या डॉक्टरांना कळलं होतं की काही देशांतले शेतकरी व्यालेल्या गाईची बीजांडं काढतात, म्हणजे ती जास्त दिवस दूध देते. बीजांडाचा आणि स्तनाचा संबंध आहे, हे त्यावरून त्यांनी ओळखलं. १८९६ साली त्यांनी लिहिलं की बीजांडं काढल्यावर स्तनातल्या काही गाठी विरघळल्या. आज त्यासाठी गोळ्या आहेत. पण गोळी कोणाला लागू पडेल, हे गाठीच्या तपासणीवरून ठरतं. म्हणून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट येतो त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन खुणा लिहिलेल्या असतात. ही गाठीची ओळखपत्रं समजा. तो कागद हरवू देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा.

आणि अलीकडची गोष्ट आपल्या टाटा हॉस्पिटलचीच. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांवर एक साधी गोष्ट करून पाहिली. गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच औषध, अगदी स्वस्त. पाच वर्षांनी पाहिलं तर इंजेक्शन न दिलेल्या शंभरातल्या ८६ जणी हयात होत्या आणि दिलेल्या शंभरातल्या ९०. शंभरात चार जणी जास्त. २०२३ साली हे जगाच्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. सगळं नवं ज्ञान महागच असतं असं नाही.

आतड्याचं थोडक्यात सांगते. त्यातही आधी सगळं काढून पोटावर कायमची पिशवी लावायचे. आता लवकर आलं तर पुष्कळांना कायमची पिशवी टाळता येते. पण आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की बाई ते मूळव्याध समजते, लाजते आणि झाडपाल्यावर सहा महिने काढते. रक्त जाणं, शौचाची सवय अचानक बदलणं, रक्त कमी होऊन थकवा आणि वजन उतरणं, ही लक्षणं असली तर डॉक्टरला दाखवा. सरकारी शिबिरात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासतात. आतडं त्यात नाही. ते आपणच सांगावं लागतं.

हात लावून ओळखणाऱ्या बायका

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली मोठी मशीन? तर ऐका. १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास सुरू केला. वय ३५ ते ६४. निम्म्या बायकांची तपासणी दर दोन वर्षांनी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी केली. त्या डॉक्टर नव्हत्या आणि मशीनही नव्हती, फक्त हातानं तपासणी. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली छापला गेला. तपासलेल्या बायकांमध्ये रोग वाढलेल्या अवस्थेत सापडण्याचं प्रमाण कमी होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही.

याचा अर्थ दोन बाजूंनी घ्या. शिकलेल्या हाताची तपासणी कामाची आहे, म्हणून आशाताई शिबिराला बोलावते तेव्हा जा. आणि तरुण बाईच्या घराण्यात रोग असेल तर नुसत्या हाताच्या तपासणीवर भागत नाही, तिला वंशावळ सांगून मोठ्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा लागतो. आशाताईच्या यादीत छातीत गाठ आहे का, हा प्रश्न असतो. घराण्याबद्दल विचारतात ते बीपी, शुगर आणि हृदयविकाराचं. घराण्यातल्या कॅन्सरचं आपणहून बोलायचं.

माझं 'नाही' मी परत घेतलं

दोन वर्षं माझ्या मनात ते 'नाही' रुतून होतं. धाकटीचं लग्न झालं. मावशीच्या तपासणीला मी पुन्हा सोबत गेले आणि मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला, बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन काढला आणि आजीपासून खाली रेषा ओढल्या. माझ्या माहेरच्या बायका पहिल्यांदा एका कागदावर आल्या. मी गाडीत बसून रडले.

मॅडमनी सांगितलं, आधी रोग झालेल्या माणसाचं रक्त तपासतात, म्हणजे मावशीचं. तिच्या रक्तात चूक सापडली. टाटाच्या खारघरच्या केंद्रात डॉ. राजीव सरीन यांनी या कामासाठी विभाग उभा केला, तशी समुपदेशनाची सोय आता आणखीही मोठ्या दवाखान्यांत आहे. रक्त देण्याआधी समजावून सांगतात, जबरदस्ती करत नाहीत.

आता आईनं रक्त दिलं आहे. तिच्यात ती चूक नसेल तर आम्हा बहिणींनाही ती तिच्याकडून येणार नाही. असेल तर आमची पाळी. रिपोर्ट यायचा आहे. आला की काय करायचं, हेही विचारून ठेवलं आहे. चूक असलेल्या बाईची तपासणी लवकरच्या वयात सुरू होते, मशीननं होते. मुलंबाळं झाल्यावर बीजांडं काढायचा सल्ला देतात. काही जणी आणखी शस्त्रक्रिया करून घेतात, काही नुसती तपासणी चालू ठेवतात. निर्णय बाईचा.

पण एक इशारा देते. 'कॅन्सर होईल' एवढ्या भीतीवर कोणी पिशवी काढायला सांगितली तर थांबा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याचं २०१९ साली पुढे आलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. तपासणीचा कागद नाही तर ऑपरेशन नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

धाकटीनं तिच्या सासरी स्वतःच सांगितलं. सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माह्या बहिनीलेबी हेच होतं, आमीबी लपवलं." सगळीकडे असं होईल असं मी म्हणत नाही. सोयरीक मोडण्याची भीती खोटी नाही. ज्या आईला पोर उजवायची आहे तिला मी नावं ठेवणार नाही. पण गावाला सांगायची गरजच नाही. डॉक्टरला सांगा. बहिणीला सांगा. लेकीला सांगा.

या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच. प्रत्येकीनं घरी जाऊन एका कागदावर आई, मावशी, आजी, आत्या, बहिणी, मामा, काका यांची नावं लिहावी. कोणाला कोणता रोग झाला, कितव्या वर्षी झाला, एवढंच. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. हा कागद गटाच्या वहीत नको, आपल्या ट्रंकेत हवा. त्यात पन्नाशीच्या आतला स्तनाचा किंवा आतड्याचा रोग, बीजांडाचा कॅन्सर, पुरुषाच्या छातीची गाठ किंवा एका बाजूला दोन-तीन माणसं असा प्रकार दिसला तर तो कागद डॉक्टरला दाखवा. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. कोणत्या तपासण्या त्यात बसतात ते आरोग्यमित्राला विचारा.

माझ्या आजीचं नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हतं. आता ते एका कागदावर आहे आणि त्या कागदावरून तिच्या नातींची तपासणी होते आहे.

आईचा रिपोर्ट आला की सांगेन. नमस्कार.